एका दातावर दोन खुणा

सिस्टरची गाडी दुसऱ्या गाडीच्या मागे दोराने बांधून आमच्या गॅरेजच्या दारात आली, तेव्हा मी एका टेम्पोखाली उताणी पडले होते. मला दिसले ते फक्त तिचे पांढरे बूट. एरवी हे बूट तरातरा आत येतात आणि पाठोपाठ "कुठे आहे माझी डॉक्टरीण?" अशी हाक येते. ती माणसांची नर्स आणि मी गाड्यांची डॉक्टर, असा आमचा जुना विनोद. त्या दिवशी बूट दारातच थांबले. हाक आली नाही.

"चढावर होते गं," मी बाहेर सरकल्यावर ती म्हणाली. "इंजिनातून खडखड आवाज आला आणि सगळं बंद. मागे ट्रक. ब्रेक दाबून डोळे मिटून बसले. तो कसाबसा बाजूने गेला."

सिस्टर घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या जखमा बांधते, त्यांना कुशीवर वळवते. तिची गाडी बंद म्हणजे कुणाची तरी जखम दिवसभर तशीच राहणार. म्हणून तिच्या गाडीला मी कधी उद्या म्हणत नाही.

मी चावी फिरवली. इंजिन नुसतंच भिरभिरलं. धाप नाही, जोर नाही, आत काही दाबलं जातंय अशी खूण नाही. हा आवाज एकदा ऐकलेला मेकॅनिक पुन्हा चावी फिरवत नाही. आतले व्हॉल्व्ह वाकले होते.

ज्यांनी बॉनेट उघडून कधी आत डोकावलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. कंटाळा आला तरी वाचा, नाहीतर पुढे माझं डोकं का फिरलं ते कळणार नाही. इंजिनात खाली एक दांडा फिरतो, तो पिस्टन वरखाली करतो. वर दुसरा दांडा फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो, म्हणजे हवा आत घेतो आणि धूर बाहेर सोडतो. दोघं एकाच खोलीत काम करतात, पण आळीपाळीने. पिस्टन वर आला की व्हॉल्व्हने मिटलेलं असलं पाहिजे. ही वेळ दोघांना कोण सांगतं? एक रबरी पट्टा. आतल्या बाजूला दात असलेला, दोन्ही दांड्यांच्या चाकांवर ताणून बसवलेला. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. तो तुटला किंवा सैल पडून दोन-तीन दात घसरला, तर वरच्याला खालच्याचा पत्ता राहत नाही. व्हॉल्व्ह उघडा आणि पिस्टन जोरात वर. मग काय, कपाळमोक्ष. आणि हा पट्टा करकरत नाही, दिवा लावत नाही, आधी कसली सूचना देत नाही.

त्यामुळे तो बसवण्याची आमच्याकडे एक रीत आहे. बाबांनी घालून दिलेली. बसवणारा एक, तपासणारा दुसरा. बसवणारा वरच्या चाकावरची रेघ इंजिनावरच्या रेघेसमोर आणतो, पट्टा चढवतो आणि रेघेसमोर आलेल्या दातावर आपल्या रंगाचा ठिपका देतो. मग दुसऱ्याने खालच्या दांड्याला पाना लावायचा आणि हाताने इंजिन पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचं. फिरवलं की पट्ट्यातली लपलेली ढील एका बाजूला गोळा होते, ती काढून मगच ताण धरणारा बोल्ट शेवटचा आवळायचा. दोन फेऱ्यांनंतर चाकाची रेघ पुन्हा जागेवर येते, पण तिच्यासमोर पट्ट्याचा आधीचा दात येत नाही, पट्टा पुढे सरकलेला असतो. जो नवा दात समोर येतो, त्यावर तपासणाऱ्याने आपला ठिपका द्यायचा. म्हणून नीट तपासलेल्या पट्ट्यावर दोन ठिपके दोन ठिकाणी असतात, एकमेकांपासून चांगले लांब.

दादाचा रंग पिवळा, माझा निळा. बाबांचा लाल डबा वाळून गेला, कारण खांदा आखडल्यापासून त्यांच्याकडून पाना फिरवला जात नाही. ते खुर्चीत बसून इंजिनांचे आवाज ऐकतात आणि आमच्या चुका काढतात. आणि त्यांचा एक नियम असा, की पुढे काही झालं तर जबाब तपासणाऱ्याने द्यायचा. दादा बसवतो, मी तपासते. म्हणजे जबाब माझा. मला त्याचं ओझं कधीच वाटलं नव्हतं, उलट मिरवायचे मी. पोरगी फक्त रिसीट फाडते असं समजून येणाऱ्यांना बाबा म्हणायचे, "हिने फिरवल्याशिवाय इथून इंजिन बाहेर जात नाही." ते ऐकायला मी मुद्दाम जवळपास रेंगाळायचे.

तर कव्हर उघडलं. दादाने उजेडासाठी हातातली बॅटरी धरली. पट्टा सैल होता, आजोबांच्या कमरेवरच्या पँटसारखा लोंबत होता, आणि वरच्या चाकावरून दात घसरलेला सरळ दिसत होता. बोल्ट शेवटचा आवळलेलाच नव्हता. मी हाताने पट्टा थोडा ओढला, तशी आतून निळी खूण वर आली.

"तुझी आहे," दादा म्हणाला. हळू, पण सिस्टरला ऐकू जाईल इतकं मोठं.

दुसऱ्या कुणी आरोप केला असता तर मी भांडले असते, आणि भांडायला मी कुणाला हार जात नाही, विचारा कुणालाही. पण स्वतःच्या खुणेशी कसं भांडणार? इतकी इंजिनं हाताखालून जातात, हेच एक कसं आठवणार? पाना लावला, फिरवला, बोल्ट विसरले. कुणाचा फोन आला असेल. काहीतरी झालं असेल.

बाबा खुर्चीतून उठून आले. वाकले, बघितलं, सरळ झाले.

"पोरीकडून राहिलं, सिस्टर," ते म्हणाले. "बोल्ट आवळायचा राहिला. आमची चूक, आम्ही सगळं भरून देऊ. आता माणूस आहे, चुकतो."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी रोज तुझ्या भरवशावर निघते गं," एवढंच म्हणाली आणि आपली औषधांची पिशवी खांद्याला लावून बस पकडायला गेली. तिचे पांढरे बूट रस्ता ओलांडेपर्यंत मी बघत उभी होते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ती दिसेनाशी झाल्यावर बाबा म्हणाले, "आता काही दिवस तू टायमिंगला हात लावू नकोस. पुढे बस. फोन घे, गिऱ्हाईक बघ."

"मग तपासणार कोण?"

"दादाच बसवेल आणि दादाच फिरवून बघेल."

माझ्या कानांवर विश्वास बसेना. बसवणाऱ्याने तपासायचं नाही, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही, हे ज्यांनी आमच्या डोक्यात घातलं, तेच हा नियम उचलून बाजूला ठेवत होते. माझ्यासाठी. मी इतकी वाईट ठरले होते, की माझ्यापेक्षा नियम मोडणं परवडलं.

"काही दिवस म्हणजे किती?"

"बघू," बाबा म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. लहानपणी आम्ही मागितलेल्या सगळ्या वस्तू त्या 'बघू'मध्ये गडप झालेल्या आहेत.

"ही एवढी मला उघडू द्या," मी म्हटलं. "माझ्या हातून बिघडली ना? मग माझ्याच हातून खुली होऊ दे." ते खुर्चीकडे परत वळले. मी ते हो धरलं.

मी वाकलेले व्हॉल्व्ह बघायच्या आधी पट्टा पूर्ण काढला आणि फेकून द्यायला दाराशी गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. हातात गुंडाळता गुंडाळता ठिपका समोर आला. निळा. मग मी पिवळा शोधू लागले. पट्टा एकदा फिरवला, पुन्हा फिरवला, दात अन् दात बोटाने चाचपला. पिवळा दुसरीकडे कुठेच नव्हता. तो निळ्याच्या खाली होता. एकाच दातावर. आणि दोघं जिथे मिळाले होते तिथे कडेला हिरवी रेघ आली होती.

मी तिथेच पायरीवर बसले. लहान पोरांनासुद्धा माहीत असतं, पिवळा ओला असताना त्यावर निळा लावला की हिरवं होतं. म्हणजे दादाचा ठिपका वाळायच्या आत निळा ठिपका पडला होता. आणि त्याच दातावर पडला होता. म्हणजे मध्ये इंजिन फिरलंच नव्हतं. एक फेरीसुद्धा नाही.

मी खूप चुकते. हत्यारं जागेवर ठेवत नाही, फोनवर गिऱ्हाइकांशी उद्धट बोलते. पण इंजिन न फिरवता मी निळा ठिपका दिलेला नाही. बोल्ट विसरले म्हटलं तर मी मान खाली घातली होती. हे मला मान्य नव्हतं. तो ठिपका माझा नव्हता, तो फक्त माझ्या डब्यातला होता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या पायरीवर कळलं. मी सरळ दादाकडे गेले आणि पट्टा त्याच्या नाकासमोर धरला.

"माझा ब्रश कशाला उचललास?"

त्याने पट्ट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा हातातल्या स्क्रूकडे. त्याला हिरवी रेघ समजावून सांगायची गरज नव्हती. आम्ही एकाच शाळेतले.

"मी नाही उचलला," तो म्हणाला.

"दादा, केसाने गळा कापायला मीच सापडले का रे? एक फेरी मारायचा कंटाळा आला, तर मला हाक मारायचीस!"

"तू नव्हतीस. तू दाढ काढायला गेली होतीस." त्याने स्क्रू खाली ठेवला. "मी पट्टा बसवला, पिवळा दिला, आणि बंद पडलेली एक गाडी ओढून आणायला गेलो. परत आलो तर कव्हर लागलेलं. बाबा म्हणाले, ती येऊन फिरवून गेली."

दाढ. आठवलं. गाल फुग्यासारखा टरारला होता आणि मी घरी बर्फ लावून भिंतीकडे तोंड करून पडले होते. गॅरेजमध्ये पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

"आणि तू घरी आल्यावर मला बघितलंस ना? तोंडातून शब्द फुटत नव्हता माझ्या."

"बघितलं."

"म्हणजे त्याच संध्याकाळी तुला कळलं."

त्याने खाली ठेवलेला स्क्रू पुन्हा उचलला.

"आणि आज बॅटरी धरून मलाच म्हणालास, तुझी आहे."

"बाबांना काय विचारणार?" दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण मला त्याची दया आली नाही. मूग गिळून बसणाऱ्याचेही डोळे भरतात, त्याने माझी बाजू सावरत नाही.

बाबा खुर्चीत चहा पीत होते. मी पट्टा त्यांच्या मांडीवर ठेवला, ठिपका वर करून. त्यांनी कप खाली ठेवला. पट्टा उचलून उजेडाकडे धरला, अंगठ्याने हिरवी रेघ पुसून बघितली. ती पुसली जाणार नव्हती. मला वाटलं, आता म्हणतील, हे कुणी केलं? मला अगदी मनापासून वाटलं. मी तेव्हाही त्यांना सुटायला एक वाट ठेवली होती.

"सिस्टर घाईत होती," ते म्हणाले. "कुणाची तरी सुई द्यायची वेळ झाली होती. दादा नव्हता, तू नव्हतीस. मी पाना लावला. अर्धी फेरीसुद्धा होईना. खांदा वर जातच नाही. ती दारात उभी, माझ्याकडे बघतेय. तिला काय सांगू, या म्हाताऱ्याला एक पाना फिरवता येत नाही?"

"हो, तेच सांगायचं."

"दादाचा हात चांगला आहे. मला वाटलं, पट्टा नीट बसलेला असेल."

"मग लाल डबा उघडायचा. स्वतःचा ठिपका द्यायचा."

"वाळला तो."

"बाबा!"

त्यांनी पट्टा मांडीवरून खाली ठेवला. "हे बघ, बाळ. तू लहान आहेस. तुझ्याकडून चूक झाली तर लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. तुला माफ करतात. माझ्याकडून झाली असं कळलं, तर या दारात कोण येईल? माझ्या नावावर तर सगळे येतात. तुझं काय जाणार होतं?"

माझ्या वडिलांनी मला इंजिन ऐकायला शिकवलं, पाना धरायला शिकवलं, दुसऱ्याच्या कामावर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस असं रोज बजावलं. त्यांना खरंच वाटत होतं, की माझं काही जाणार नव्हतं. माझं नाव त्यांना गॅरेजमधल्या चिंधीसारखं वाटलं होतं, हाताशी होतं म्हणून उचललं आणि पुसलं. रागाच्या पलीकडे एक जागा असते, तिथे ओरडता येत नाही. मी तिथे पोचले होते.

"आणि आज?" मी विचारलं. "आज तर घाई नव्हती. आज मला इंजिनापासून उठवताना काय झालं होतं?"

त्यांनी थंड झालेला चहा पुन्हा उचलला.

मी सिस्टरला फोन लावला. बाबा म्हणाले, "घरातली गोष्ट घरात राहू दे." मी म्हटलं, "गाडी तिची आहे, ट्रक तिच्या मागे होता. घरातलं काय आहे यात?"

संध्याकाळ व्हायच्या आत ती आली. मी तिला पट्टा दाखवला, सगळं सांगितलं. कुणी कुणाचं नाव लावलं तेही. बाबा मान खाली घालून ऐकत होते, दादा मोरीवर कोपरापर्यंत हात धूत राहिला, धुवून झाल्यावर पुन्हा धूत राहिला. सिस्टर बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मी विचारलं असतं ना, काका, खांदा दुखतो का, तर तेल लावून दिलं असतं. माझं कामच ते आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, पोरीने आधीच तपासलंय आणि तुम्ही नुसतं कव्हर लावताय. सकाळी या पोरीला मी एकच वाक्य बोलले, पण लागेल असं. मनात तर नाही नाही ते बोलले." मग माझ्याकडे वळली. "गाडी मी दुसऱ्या गॅरेजला हलवत नाही. पण हात तू लावायचास."

व्हॉल्व्ह नवे मागवले, वरचा भाग उघडून बसवले. त्या दिवसांत आम्ही तिघं एकाच छपराखाली काम करत होतो आणि पान्याच्या नंबराखेरीज एकमेकांशी काही बोलत नव्हतो. शेवटी पट्टा चढवायची वेळ आली. सिस्टर बघायला येऊन बसली होती. मी वरच्या चाकाची रेघ जुळवली, पट्टा चढवला, माझा ठिपका दिला. आणि हात तिथेच थांबला.

आता दुसऱ्याने फिरवायचं.

दादा एक पाऊल पुढे आला. मी त्याच्याकडे बघितलं आणि तो थांबला. इतकी वर्षं मी याच्या बसवण्याच्या वेळी पाठ करून निर्धास्त उभी राहिले होते. ते निर्धास्तपण गेलं होतं. कुठून आणायचं ते मला माहीत नव्हतं.

"सिस्टर, इकडे या," मी म्हटलं.

"मी?"

"गाडी तुमची आहे. हा पाना इथे बसतो. घड्याळाच्या काट्यासारखा फिरवायचा, सावकाश. कुठे अडला तर लगेच थांबायचं, जोर करायचा नाही."

तिने पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या आणि पाना धरला. पहिला झटका तिला जड गेला. आखडलेला पेशंट कुशीवर वळवायची सवय असलेले हात ते, दुसऱ्या खेपेला त्यांनी जोर ओळखला. पाना फिरू लागला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उठून आले आणि डावा हात पुढे करून म्हणाले, "मी धरतो खालून. तिला जमायचं नाही."

"बाबा, बाजूला व्हा."

ते झाले. माझ्या एका शब्दावर, लहान मुलासारखे, भिंतीला टेकेपर्यंत मागे गेले. मला वाटलं होतं, हे म्हणताना बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

सिस्टरच्या दोन फेऱ्या पूर्ण झाल्या. कपाळावरचा घाम खांद्याने पुसत तिने विचारलं, "जुळली का गं रेघ?"

मी वाकून बघितलं. डोळ्यांत इतकं पाणी होतं, की मला ना रेघ दिसत होती, ना चाक.

"तुम्हीच बघून सांगा," मी म्हटलं.